पेशंटजवळ कोण? सातारा-सांगलीतल्या घरच्या शुश्रूषेची पार्श्वभूमी

विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशन हॉस्पिटल सुरू केलं आणि पुढे हे गाव दक्षिण महाराष्ट्राचं, कर्नाटकातल्या लगतच्या जिल्ह्यांचंही दवाखान्याचं गाव झालं. इथल्या डॉक्टरांबद्दल भरपूर लिहिलं गेलंय. पण वॉर्डात सिस्टर रोज एक प्रश्न विचारतात, "पेशंटजवळ कोण आहे?" आणि पुढे येते ती बहुतेक वेळा बायको, सून नाहीतर मुलगी. तिच्याबद्दल फारसं कुणी लिहिलं नाही.

तिच्यावरचा भार वाढत कसा गेला, हे क्षयरोगाच्या इतिहासात स्पष्ट दिसतं. हवेसाठी पाचगणीला १९१२ मध्ये डॉ. बिलिमोरियांनी बेल एअर आरोग्यधाम काढलं. सांगली-मिरजेच्या मध्ये वानलेसवाडीतही क्षयरुग्णांची सोय झाली. पेशंट महिनोन्‌महिने तिथे राहायचा. मग औषधं आली. मद्रासमध्ये एक अभ्यास झाला, निम्मे रुग्ण आरोग्यधामात आणि निम्मे घरी ठेवून. १९५९ मध्ये निष्कर्ष छापून आला: घरचं जेवण, घरची जागा बेताची असूनही गुण जवळजवळ सारखाच येतो, आणि घरातल्यांना लागण होण्याचा धोकाही वाढत नाही. मग घरीच उपचार करायचे ठरलं. हा निर्णय योग्यच होता, गरिबांना त्याने वाचवलं. पण आरोग्यधामात नर्स, आया, आचारी मिळून करायचे ती कामं घरातल्या एका बाईच्या वाट्याला आली. तिच्यासाठी काय करायचं, याचा विचार योजना आखणाऱ्यांनी केला नाही.

मानसिक आजारांत मात्र एका डॉक्टरने तो केला. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून नातेवाइकांना पेशंटसोबत राहायला लावलं. आजार समजून घेतलेले घरचे लोक पेशंटला लवकर घरी नेऊ लागले. पुढे घरच्यांनी स्वतःच पुढाकार घेतला. डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्यांनी १९९७ मध्ये पुण्यात या आजाराबद्दल जागृती करणारी संस्था उभी केली. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या पुढाकाराने 'परिवर्तन' संस्थेचं व्यसनमुक्तीचं काम उभं राहिलं. व्यसनी माणसाच्या घरात सगळ्यात आधी कोण खचतं, ते या कामात असलेल्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

हा भार एकट्या बाईवर येण्याचं आपल्या भागात आणखी एक कारण आहे, आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं. पाटण-जावळीची माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत, आधी गिरण्यांत, मग माथाडी म्हणून. खानापूर-आटपाडीची गलाईवाली कुटुंबं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली. पैसा येतो, घर बांधून होतं, आणि त्या घरात म्हातारे सासू-सासरे आणि एखादी सून.

सासऱ्यांना पक्षाघात झालाय असं धरा. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदला, असं डॉक्टर सांगतात. म्हणजे रात्री दहा, बारा, दोन, चार. मधेच लघवीची पिशवी रिकामी करायची, ओली चादर काढायची. नळीतून पातळ जेवण द्यायचं तर डोकं उंच करून, सावकाश. सकाळी म्हशी आहेतच. हिची स्वतःची बीपीची गोळी चार दिवस राहिलेली असते आणि कंबर धरलेली. "सेवा घडतेय, पुण्य लागेल," असं म्हणून लोक निघून जातात.

कायद्याने हे उशिरा पाहिलं, तेही अर्धंच. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा मुलगा, मुलगी, नातवंडांवर निर्वाहाची जबाबदारी टाकतो. प्रत्यक्षात करणारी सून त्या व्याख्येत नव्हतीच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पगारी असो वा बिनपगारी, काळजी घेणाऱ्याची नोंद झाली आणि जास्त आधार लागणाऱ्या व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याचाही उल्लेख आला. मात्र सरकारच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. लोकांचा दिवस कशात जातो हे मोजणाऱ्या केंद्राच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरच्यांची काळजी घेणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी १३४ मिनिटं त्यात जात होते, पुरुषांचे ७६.

हा ताण मोजायचा एक गाजलेला प्रयत्न १९८० चा, अमेरिकेतला. स्टीव्हन झॅरिट आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या घरच्यांना प्रश्नावली दिली. पेशंटचा त्रास किती, यावर त्यांचं ओझं ठरत नव्हतं. इतर नातेवाईक घरी किती वेळा येतात, याच्याशी ते जोडलेलं निघालं. आपल्याकडे भेटायला येणाऱ्यांची कमी नसते. पण शहाळं आणि बिस्किटांचे पुडे घेऊन आलेल्या चौघांना चहा त्या सुनेलाच करावा लागतो. त्याऐवजी नणंदेने आठवड्यातली एक रात्र घ्यावी, दिराने मुंबईहून पैशांबरोबर चार दिवसांची रजा काढून यावं, शेजारणीने दुपारी दोन तास बसावं. तेवढ्यात तिची झोप होईल, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन तिला स्वतःचं बीपी तपासून घेता येईल.