दुर्बिणीची तिवई बंदुकीखाली कशी आली

अमेरिकेत १९६४ साली ‘विल्डरनेस ॲक्ट’ झाला आणि राखीव रानांत इंजिनाला बंदी आली. जीप, मोटारसायकल तर नाहीच, साधी सायकलही आत नेता येत नाही. माँटानातलं बॉब मार्शल रान त्याच वर्षी या कायद्याखाली आलं. विस्तार दहा लाख एकरांहून थोडा अधिक, आणि आत रस्ता नाही. एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीला जाणारा तिथे पायी जातो, फार तर खेचरं भाड्याने घेतो. मोठा नर पडला तर हाडं सोडवलेलं मांसच शंभर किलोच्या आसपास भरतं, आणि खेचर नसेल तर ते खेपा घालून पाठीवरूनच बाहेर काढायचं. दुर्बीण आणि रायफल टेकवायच्या ट्रायपॉडचे, म्हणजे तिवईचे, ग्रॅम मोजणारा शिकारी या हिशेबातून घडला.

बंदुकीला टेकू देणं मात्र फार जुनं. सोळाव्या शतकातला स्पॅनिश मस्केट आठ-नऊ किलोंचा असे. शिपाई वर बेचकं असलेली काठी सोबत वागवायचा आणि बार काढताना नळी तिच्यात ठेवायचा. तिबेटच्या शिकाऱ्यांनी काठी वेगळी ठेवलीच नाही. तोड्याच्या बंदुकीलाच त्यांनी घडीचे दोन पाय जोडले आणि त्यांच्या टोकांना चिरूची, म्हणजे तिथल्या कुरंगाची, शिंगं बसवली. उघड्या पठारावर टेकायला झाड कुठून आणणार! आपल्या जुन्या कागदपत्रांत भेटणारी जेजाला, म्हणजे लांब नळीची जड बंदूक, हीदेखील टेकूवाचून चालवायची चीज नव्हती. पुढे युरोपात मस्केट हलके झाले, तशी सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती बेचक्याची काठी सैन्यातून गेली. बंदूक हलकी झाली म्हणून टेकू सुटला. गंमत अशी की आज नेमकं याच्या उलट घडलं आहे.

मधल्या काळातलं एक प्रकरण काळं आहे. १८७०च्या दशकात अमेरिकेच्या गवताळ मैदानांवर बायसन मारणाऱ्यांकडे शार्प्स रायफली होत्या, पाच ते सात किलोंच्या. दोन लाकडी काठ्या वरच्या टोकाजवळ चामड्याच्या वादीने बांधायच्या, कात्रीसारख्या फाकवून जमिनीत रोवायच्या आणि मागे मांडी ठोकून बसायचं. दोन-अडीचशे मीटरवरून, वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसून, कळप बिथरणार नाही अशा बेताने एकेक जनावर पाडत जायचं. शतकाच्या सुरुवातीला कोट्यवधी असलेले बायसन १८८०चं दशक सरता सरता हजाराच्या आसपास उरले. याचा सगळा दोष अर्थातच त्या दोन काठ्यांवर टाकता येत नाही. कातड्यांचा बाजार होता आणि नवी रेल्वेही होती. पण बसल्या जागी तासन्‌तास अचूक मारा करण्याची सोय त्या काठ्यांनीच दिली.

आफ्रिकेच्या सफारीत काठ्या तीन झाल्या, आणि त्या वाहायला बहुधा वाटाड्या असे. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या अखेरीस नळीखाली बसवायचे घडीचे दुपायी बायपॉड सर्वत्र दिसू लागले. झोपून मारायला ते उत्तम. पण डोंगरात झोपलं की समोर कमरेइतकं गवत किंवा झुडूप येतं, आणि उतारावर तर पोट टेकायलाच जागा नसते.

हल्लीचा ट्रायपॉड आला तो या काठ्यांच्या घराण्यातून नव्हे, दुर्बिणीच्या घराण्यातून. दक्षिण ॲरिझोनाच्या डोंगरांत कूझ नावाचं छोटं पांढऱ्या शेपटीचं हरीण असतं. करड्या रंगाचं, खडकात उभं राहिलं तर दिसेनासं होणारं. तिथला शिकारी चालतो कमी आणि बघतो जास्त. पहाटे एखादा सोंडेचा माथा गाठायचा, पंधरापट दुर्बीण ट्रायपॉडवर चढवायची आणि समोरचा उतार पट्ट्यापट्ट्याने विंचरायचा. पंधरापट दुर्बीण हातात धरली तर हृदयाचा ठोकाही चित्र हलवतो. तिवईवर ठेवली की निश्चल चित्रात हललेला एक कान टिपता येतो. म्हणजे इथे बंदुकीचा विषय निघण्याआधीच ट्रायपॉड सॅकमध्ये आलेला होता.

तो हलका केला छायाचित्रकारांनी. गित्झो या मूळच्या फ्रेंच कंपनीने १९९४ मध्ये कार्बन फायबरच्या पायांचा ट्रायपॉड बाजारात आणला. ॲल्युमिनियमपेक्षा हलका, आणि थंडीत हाताला चटका न देणारा. झटपट जोडणीची खाचही कॅमेऱ्याकडूनच आली. आर्का-स्विस या कॅमेरा कंपनीच्या पद्धतीची सुमारे ३८ मिलिमीटर रुंदीची तिरप्या कडांची पट्टी आज रायफलीच्या दस्त्याखाली सर्रास दिसते. दुर्बीण काढून त्याच पकडीत रायफल अडकवायला काही सेकंद पुरतात. इराक-अफगाणिस्तानातल्या स्नायपरांनी खिडकीआडून, उभ्याने मारा करण्यासाठी ट्रायपॉडवर रायफल धरणारे चिमटे वापरले. पुढे लांब पल्ल्याच्या नेमबाजी स्पर्धांनी ती रीत नागरी मैदानावर रुळवली.

दरम्यान डोंगरी रायफल हलकी होत गेली. कार्बनची नळी, कार्बनचा दस्ता, वर बसवलेल्या नेमाच्या दुर्बिणीसकट तीन-साडेतीन किलो. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य जिंकलं, त्या तीन-स्थिती स्पर्धेत रायफल आठ किलोंपर्यंत चालते. गुडघ्यावर आणि झोपून मारताना पट्टा लावता येतो, उभ्याने तोही नाही, टेकू तर कशालाच नाही. तिथे बंदुकीचं वजनच थरथर शोषून घेतं. डोंगरावर धापा टाकत पोचलेल्या माणसाच्या हातातली तीन किलोंची रायफल पाखरासारखी फडफडते. बसून, टेकूविना धरलेली नळी पाच मिनिटांच्या कोनात (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) डोलत असेल तर ३०० मीटरवर ती फिरण सुमारे ४४ सेंटीमीटरची होते, आणि हरणाच्या छातीचा मर्मभाग जेमतेम २०-२५ सेंटीमीटरचा. बंदुकीतून काढलेलं वजन टेकूत भरावं लागलं, ते यामुळे. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्याने आणि त्याच्या १९९१च्या दुरुस्तीने शिकारच थांबली, त्यामुळे हा हिशेब आपल्या वाट्याला आला नाही.

स्पर्धेतल्या मंडळींचा ट्रायपॉड अडीच-तीन किलोंच्या घरातला असतो. पाय जाड, आणि उभ्याने मारण्याइतका उंच. ते ठीक आहे, त्यांना तो गाडीतून मैदानापर्यंतच न्यायचा असतो. रानातल्या माणसाने त्याची नक्कल का करावी, हे मला उमगत नाही. दिवसातले सात-आठ तास तिवईवर दुर्बीण असते, रायफल असली तर मिनिटभर, आणि दोन्ही वेळा माणूस बसलेला असतो. मग कपाळापर्यंतची उंची वाहायची कशाला? बसल्यावर डोळ्यापर्यंत, फार तर गुडघ्यावरून मारण्यापर्यंत पोचणारा दीड किलोच्या आतला ट्रायपॉड बहुतेकांना पुरतो. मधला उभा दांडा काढून टाकावा. तो वर ओढला की तिवईची एकपायी काठी होते आणि सगळा डोल तिथेच सुरू होतो. पायांचे तुकडे चारऐवजी तीन असले तर घडी लांब होते, पण शेवटचा तुकडा काडीसारखा बारीक राहत नाही. मधल्या आकड्याला सॅक टांगली की हलक्या तिवईला फुकटचं वजन मिळतं, फक्त ती वाऱ्यात झुलू नये म्हणून तिचा तळ जमिनीला टेकलेला असावा. हलकी रायफल धक्का जोरात देते, म्हणून एक पाय लक्ष्याकडे ठेवून खांद्याने तिवईवर किंचित भार द्यायचा. आणि दस्त्याचा मागचा भाग मोकळा राहतोच, तिथे कोपराखाली गुडघा किंवा सॅक हवी. ती नसेल तर महागातला ट्रायपॉडही रायफलीचं फक्त पुढचं टोक स्थिर ठेवतो.