क्रम वेगळा, वय वेगळं: पाटण्याचं कवच आणि गिरणेची वाळू

‘डायनोसॉरच्या जीवाश्माचं कार्बन डेटिंग करून वय काढलं.’ हे वाक्य बातम्यांत येतं, विज्ञान प्रदर्शनातल्या तक्त्यांवर येतं, शिकलेल्या माणसांच्या बोलण्यातही येतं. त्यात दोन चुका आहेत. कार्बनची चूक, म्हणजे डायनोसॉरइतक्या जुन्या गोष्टींना कार्बन पुरतच नाही ही, लहान आहे आणि ती कोणी ना कोणी सुधारतं. दुसरी मोठी आहे आणि तिच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही: जीवाश्माचं वय सहसा जीवाश्मातून काढलेलंच नसतं.

भूशास्त्र दगडाला दोन निरनिराळे प्रश्न विचारतं. कोण आधीचा, कोण नंतरचा? हा क्रम. किती वर्षांपूर्वीचा? हे वय. पुस्तकात त्यांना सापेक्ष आणि निरपेक्ष कालमापन म्हणतात. ही नावं पाठ होतात आणि गोंधळ तसाच राहतो.

क्रम खान्देशातल्या माणसाला शिकवावा लागत नाही. ज्याच्या शेतात विहीर खोदली गेली त्याने तो पाहिलेला असतो. वर काळी माती, मग मुरूम, मग काळा खडक, मध्येच गेरूसारखा लाल पट्टा आणि त्याखाली पुन्हा काळा खडक. खालचा आधी आला, वरचा नंतर. भूशास्त्राचा पाया घालणाऱ्या निकोलस स्टेनोने १६६९ मध्ये हेच लिहून ठेवलं. धुळे-साक्री-नंदुरबार भागात शेतांतून आणि माळांवरून कित्येक किलोमीटर सरळ गेलेल्या काळ्या दगडाच्या भिंती दिसतात, त्या म्हणजे जमिनीच्या भेगांत घुसून थिजलेला लाव्हा. जो खडक कापला गेला तो आधीचा, कापणारी भिंत नंतरची.

जीवाश्म याच क्रमाच्या कामाचे. इंग्लंडमध्ये कालव्यांची मोजणी करणाऱ्या विल्यम स्मिथच्या लक्षात आलं की ठरावीक थरात ठरावीकच जीवाश्म सापडतात आणि त्यांची खालून वर जाणारी ओळ जागोजागी तीच असते. त्या आधारावर त्याने १८१५ मध्ये देशाचा भूशास्त्रीय नकाशा काढला. जुरासिक, क्रिटेशियस ही पृथ्वीच्या कालखंडांची नावं १८४० च्या आत रूढ झाली होती. ज्याच्या आधारे खडकांचं वय वर्षांत मोजतात तो किरणोत्सार सापडला १८९६ मध्ये. म्हणजे वर्षांचा एकही खात्रीचा आकडा हाती नसताना पृथ्वीच्या इतिहासाची पानं ओळीने लागली होती. म्हणून क्रमाला कोणी ‘ढोबळ पद्धत’ म्हटलं की मला राग येतो. प्रयोगशाळेतून आलेला आकडा क्रमाशी जुळला नाही, तर आधी आकडाच तपासायला घेतात.

आता वय. इथे थोडं थांबायला हवं.

‘हे किती जुनं?’ हा प्रश्न अर्धा आहे. पूर्ण प्रश्न असा: कोणत्या घटनेला किती वर्षं झाली? प्रत्येक पद्धत म्हणजे एक घड्याळ, आणि प्रत्येक घड्याळ एका ठरावीक घटनेला सुरू होतं. कार्बन-१४ चं, म्हणजे कार्बनच्या किरणोत्सारी प्रकाराचं, घड्याळ जीव मेल्यावर सुरू होतं. जिवंत असेपर्यंत अन्नातून आणि हवेतून नवा कार्बन येत राहतो. मेल्यावर आवक बंद होते आणि असलेला कार्बन-१४ दर ५७३० वर्षांनी निम्मा होतो. साधारण ५० हजार वर्षांनंतर मोजण्याजोगं काही उरत नाही. पोटॅशियम-आर्गॉनचं घड्याळ लाव्हा थिजल्यावर सुरू होतं. वितळलेल्या लाव्ह्यातून आर्गॉन वायू निसटून जातो. खडक घट्ट झाला की किरणोत्सारी पोटॅशियमपासून तयार होणारा नवा आर्गॉन आतच अडकतो. या पोटॅशियमचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं होण्याचा काळ, सुमारे १२५ कोटी वर्षं, म्हणून हे घड्याळ खूप जुन्या खडकांनाही पुरतं.

ही दोन्ही घड्याळं एकाच जागी पाहायची असतील तर चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण्याला जावं. १९७० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी तिथे उत्खनन केलं. अश्मयुगीन माणसाच्या दगडी हत्यारांबरोबर शहामृगाच्या अंड्याचे कवच-तुकडे निघाले, आणि त्यांतल्या एकावर आडव्यातिडव्या रेघांची नक्षी कोरलेली होती. कार्बनने कवचाचं वय आलं सुमारे २५ हजार वर्षं. म्हणजे मूळच्या कार्बन-१४ पैकी शंभरातले चार-पाच भागच शिल्लक होते, पण ते मोजता आले. मागे उभा असलेला सातमाळ्याचा डोंगर मात्र सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्या लाव्ह्यात कधी जिवंत कार्बन नव्हताच, आणि असता तरी एवढ्या काळात तो साडेअकरा हजार वेळा निम्मा झाला असता. पोटॅशियमचं उलट आहे. एवढ्या काळात त्याचा शंभरातला साडेतीन-चार भागच खर्च झाला आहे.

इथे आणखी एक बारकावा आहे. कार्बनने सांगितलं ते अंड्याचं वय, नक्षीचं नव्हे. कोरणाऱ्याने जुनं पडलेलं कवच उचललं असेल तर नक्षी त्याहून अलीकडची. ती कोणाची, कोणत्या काळातली हे ठरवायला पुन्हा थर आणि सोबतची हत्यारंच बघावी लागतात, म्हणजे परत क्रमच.

वाळूजवळ तर भलेभले घसरतात. गिरणेच्या पात्रातली मूठभर वाळू तळहातावर घेऊन बघा. त्यात काळपट, बोथट कोपऱ्यांचे कण असतात आणि लोहचुंबक फिरवलं तर त्यांतले काही चिकटून येतात. हे सगळं सह्याद्रीच्या लाव्ह्याची झीज होऊन आलेलं. यातला एखादा ताजा कण पोटॅशियम-आर्गॉनने मोजला तर वय येईल साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास. पण ही वाळू इथे कदाचित गेल्या पावसाळ्यात आली असेल! यंत्र चुकलं नाही. त्याने कण केव्हा थिजला ते सांगितलं, आपण मात्र थर केव्हा साचला ते विचारत होतो. वाळूसाठी वेगळं घड्याळ आहे. कण गाडला गेल्यापासून त्याला किती काळ ऊन लागलेलं नाही, हे त्यात साठलेल्या ऊर्जेवरून मोजता येतं. एकच कण, दोन वयं, आणि दोन्ही खरी.

जीवाश्म नेमके अशाच गाळाच्या खडकांत सापडतात, म्हणून त्यांचं वय थेट मोजणं कठीण. मग शेजाऱ्यांचं मोजतात. सातपुड्यापलीकडे, नर्मदेच्या खोऱ्यात मध्य प्रदेशातल्या बाग-धारकडे डायनोसॉरची अंडी ज्या लॅमेटा नावाच्या गाळाच्या थरांत सापडतात, त्यांच्यावर लाव्हा पसरलेला आहे. क्रम सांगतो की अंडी लाव्ह्याच्या आधीची. वय देतो लाव्हा. सह्याद्रीत त्याचे बारीक आकडे मिळाले ते कुठून? लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या लाल पट्ट्यांतून. त्यांत पडलेल्या ज्वालामुखीच्या राखेत झिरकॉन या खनिजाचे बारीक स्फटिक असतात, आणि युरेनियमचं शिसं किती झालं यावरून ते केव्हा तयार झाले ते कळतं. विहिरीत आपण गेरू म्हणून सोडून देतो तशाच या पट्ट्या. लाव्हा अंड्यांच्या वर, म्हणून अंड्यांचं वय त्याच्या आकड्याहून जास्त. खाली राखेचा थर मिळाला तर दुसरी बाजूही बंद होते: अंडी त्या राखेहून अलीकडची.

‘थरावरून जीवाश्माचं वय, जीवाश्मावरून थराचं वय, हे गोल फिरणं झालं,’ असा आक्षेप मी नेहमी ऐकतो. तो टिकत नाही. शिसं मोजणाऱ्या यंत्राला वरखाली कोणते प्राणी गाडलेत याचा पत्ता नसतो. शंभर वर्षं आधी जीवाश्मांवरून लावलेल्या ओळीत यंत्राचे आकडे येऊन बसले, कारण ती ओळ बरोबर होती.

आणि कृपा करून प्रत्येक पद्धतीला कार्बन डेटिंग म्हणू नका. ‘किरणोत्सारी कालमापन’ म्हणा, तेही जमत नसेल तर नुसतं ‘वय काढलं’ म्हणा. दगडावर झाडाच्या फांदीसारखी काळी नक्षी दिसली की तिला लगेच जीवाश्म म्हणू नका. बहुतेकदा ती भेगेत झिरपलेल्या मँगनीजची असते.

मागे एक शाळकरी पोरगा खाणीतून दगड घेऊन आला. ‘सर, हाऊ दगड कितला जुना शे?’ काळा बेसाल्ट, मध्ये पोकळी, पोकळीत सावद्याच्या खाणीत निघतात तसे पांढरे स्फटिक, आणि एका बाजूला ताजी कोरी फूट. मी त्याला पोकळीत बोट घालायला लावलं. आधी लाव्हा थिजला, तेव्हा वायूचा बुडबुडा आत अडकला. मग पाणी झिरपत गेलं आणि बुडबुड्याच्या जागी स्फटिक वाढले. ‘आणि ही फूट?’ मी विचारलं. तो म्हणाला, ती आज सकाळची, त्याच्याच हातोडीची.