ब्रिज ओएनटीला करा, फायरवॉलला नको

ऑफिसात नवी फायरवॉल, म्हणजे येणारं-जाणारं नेट तपासणारा डबा, आली की आयएसपीचा (नेट देणाऱ्या कंपनीचा) माणूस फोनवर सांगतो, "ब्रिज मोड करून घ्या." ब्रिज म्हणजे डब्याने राउटरची कामं सोडून डेटा नुसता पुढे द्यायचा. ऐकणारा फायरवॉलच्या मेनूत ब्रिज शोधतो. तिथे तो पर्याय असतोच, म्हणून निवडला जातो. तिकडे आयएसपीनेही आपला ओएनटी, म्हणजे फायबर येऊन जोडली जाते तो डबा, ब्रिज केलेला असतो. मग एकेका कॉम्प्युटरवर १६९.२५४ ने सुरू होणारे पत्ते (पत्ता न मिळाल्याची खूण) दिसू लागतात आणि डीलरला फोन जातो की मशीन खराब निघालं. मशीनला काही झालेलं नसतं. दोन्ही डबे ब्रिज झाल्यावर नेट डायल करायला आणि पत्ते वाटायला कुणी उरलेलंच नसतं.

राउटर काय करतो ते तुम्हाला ठाऊक आहे. तो पीपीपीओई डायल करतो (युजरनेम-पासवर्ड देऊन आयएसपीशी जोडतो), बाहेरचा आयपी पत्ता घेतो, नॅट करतो (आतल्या सगळ्यांना त्या एकाच पत्त्यावरून बाहेर पाठवतो), डीएचसीपीने आत पत्ते आपोआप वाटतो आणि सगळ्यांचा गेटवे, म्हणजे बाहेर जायचं दार, होतो. ही पाचही कामं एकाच डब्याकडे हवीत. कोणत्या डब्याकडे, एवढंच ठरवायचं असतं.

ओएनटी ब्रिज केला की तो ही कामं सोडतो. फायबर घ्यायचं आणि इथरनेट पुढे द्यायचं, एवढंच त्याच्याकडे राहतं. बाकी सगळं फायरवॉलकडे येतं, आणि ती गेटवे मोडमध्ये चालते. फायरवॉल ब्रिज केली तर पाचही कामं जुन्या राउटरकडेच राहतात आणि फायरवॉल राउटर व स्विच (जिथे सगळ्या कॉम्प्युटरच्या वायरी येतात) यांच्यामध्ये बसून जाणारं-येणारं पॅकेट तपासते. तिच्या पोर्टना आयपी नसतो, मॅनेजमेंटपुरता एक असतो. फोर्टिनेट ही फायरवॉल बनवणारी कंपनी यालाच ट्रान्सपरंट मोड म्हणते. आतला एकही पत्ता बदलावा लागत नाही म्हणून मोह होतो, पण काही कंपन्यांच्या या मोडमध्ये डीएचसीपी आणि एसएसएल व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कला सुरक्षित जोडणी) मिळतच नाही. मग एवढे पैसे कशाला मोजले?

तिसरा प्रकार सगळ्यांत जास्त दिसतो आणि सगळ्यांत जास्त फसवतो. ओएनटी राउटरच राहतो, फायरवॉलही गेटवे असते, म्हणजे नॅट दोनदा होतं. ब्राउझिंग व्यवस्थित चालतं, मेल येतात, बिल पास होतं. सहा महिन्यांनी शाखेचं व्हीपीएन जोडायला घेतलं की डोकं फिरतं: बाहेरून येणारी जोडणी ओएनटीवरच अडते. व्हीपीएनचे यूडीपी ५०० आणि ४५०० हे पोर्ट तिथून पुढे पाठवावे लागतात, आणि कुठलाही पोर्ट उघडायचा तर दोन ठिकाणी उघडावा लागतो. ओएनटीत डीएमझेड (बाहेरून येणारं सगळं थेट फायरवॉलकडे पाठवायची सेटिंग) चालू करून वेळ मारून नेणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. ओएनटीचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) बदललं किंवा तो रीसेट झाला की ती सेटिंग उडू शकते, आणि ती होती हे सांगायला कुणी जागेवर नसतं.

दोन नॅट आहेत का, हे फायरवॉलच्या वॅन (नेटच्या बाजूच्या) पोर्टवरच्या पत्त्यावरून कळतं. तो १९२.१६८ ने, १० ने किंवा १७२.१६ ते १७२.३१ ने सुरू होत असेल, तर बहुधा पुढचा डबा नॅट करतोय. १००.६४ ते १००.१२७ दिसलं तर नॅट आयएसपीच्या बाजूला आहे. तिथे ब्रिज करून उपयोग नाही, स्टॅटिक आयपी विकत घ्यावा लागतो.

आता प्रत्यक्ष काम. पीपीपीओईचं युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन (एकाच लाइनवरच्या सेवा वेगळ्या ठेवणारा) क्रमांक आयएसपीकडून लेखी घ्या, "तेच आहे जे आधी होतं" यावर विसंबू नका. ओएनटीच्या वॅन पानाचा फोटो काढून ठेवा. त्याच लाइनवर लँडलाइन असेल तर तिचं वॅन प्रोफाइल वेगळं असतं. ब्रिज करण्याच्या नादात ते डिलीट झालं की फोन मुका होतो. ओएनटीचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१००.१ असा काहीतरी वेगळा करा, त्याचं डीएचसीपी आणि वायफाय बंद करा, मग ब्रिज. बऱ्याच ओएनटींत ब्रिज एखाद्याच लॅन (ऑफिसच्या बाजूच्या) पोर्टला बांधलेला असतो. केबल शेजारच्या पोर्टात गेली तर दिवा लागतो, नेट येत नाही.

फायरवॉलच्या लॅनला जुन्या गेटवेचाच पत्ता द्या, समजा १९२.१६८.१.१. प्रिंटर, एनव्हीआर (कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर), बायोमेट्रिक मशीन, टॅलीचा सर्व्हर यांना हाताने दिलेले आयपी असतात, त्यांना मग हात लावावा लागत नाही. आधी ओएनटीचा पत्ता बदलायला सांगितलं त्याचं हेही एक कारण. दोन्ही बाजूंना १९२.१६८.१ ठेवून दोन नॅट लावणाऱ्याला फायरवॉल एक तर सेव्हच करू देत नाही, किंवा करू देते आणि मग कुठलं पॅकेट कुठे गेलं ते शोधत बसावं लागतं.

पीपीपीओई लागलं आणि काही साइट उघडतात, काही अर्ध्यावर लटकतात, असं झालं तर एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी) बघा. पीपीपीओई ८ बाइट खातं, म्हणून १५०० चे १४९२ करायचे आणि टीसीपीचा एमएसएस (पॅकेटमधल्या डेटाची कमाल लांबी) १४५२. लाइन स्टॅटिक आयपीची असेल आणि सगळं बरोबर भरूनही गेटवे पिंग होत नसेल, तर आयएसपीकडे बहुधा जुन्या राउटरचा मॅक (हार्डवेअरचा पत्ता) अडकलेला असतो. तो सोडायला सांगा. तासभर केबल उलटसुलट करून काही होणार नाही.

फायरवॉल ब्रिज करावी असे प्रसंग मोजके आहेत. लीज्ड लाइनचा (भाड्याने घेतलेल्या राखीव लाइनचा) किंवा मुख्य कार्यालयाकडून आलेला राउटर दुसऱ्यांच्या ताब्यात आहे, त्याला हात लावायची परवानगी नाही, तिथे ती ब्रिजच शोभते. पण ओएनटी राउटर ठेवून फायरवॉल ब्रिज करणाऱ्यांनी ओएनटीचं वायफाय चालूच ठेवलेलं असतं. साहेबांचा लॅपटॉप त्याच वायफायवर, म्हणजे फायरवॉलच्या बाहेर. पॉलिसी लावल्या, लॉग तपासले, आणि नेमका तोच लॅपटॉप त्यात कुठेच नाही.

ओएनटी आणि फायरवॉल दोन्ही एकाच यूपीएसवर घ्या.

राहिली ती विसरलेली केबल. काम चालू असताना नेट सुरू राहावं म्हणून कुणीतरी ओएनटीतून थेट स्विचला एक वायर टाकतो आणि ती तशीच राहते. फायरवॉल ब्रिज असेल तर लूप होतो, म्हणजे डेटा गोलगोल फिरत राहतो: साध्या स्विचचे सगळे दिवे एकदम फडफडतात आणि अख्खं ऑफिस ठप्प. हे बरं, निदान लगेच कळतं. फायरवॉल गेटवे असेल आणि ओएनटीचं डीएचसीपी चालू राहिलं असेल, तर काही कॉम्प्युटर त्याच्याकडून पत्ता घेतात. ओएनटी राउटर असेल तर ते फायरवॉल चुकवून मजेत नेट वापरतात, ब्रिज असेल तर नेट नाही म्हणून ओरडतात. एखाद्या विंडोज कॉम्प्युटरवर आयपीकॉन्फिग ऑल ही कमांड चालवून डीएचसीपी सर्व्हरची ओळ वाचा. तिथे फायरवॉलचा पत्ता नसेल, तर रॅकमागे हात घालून ती वायर उपटा.