पाथफाइंडर क्लबमध्ये नावनोंदणी: पात्रता, कागदपत्रे आणि प्रतिज्ञा

वडोदऱ्यातील मराठी घरांत स्काउटिंग म्हटले की शाळेतील भारत स्काउट्स अँड गाइड्सचे पथक आठवते. पाथफाइंडर क्लब त्याहून वेगळा आहे. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट चर्चच्या जागतिक संघटनेने 1950 मध्ये मान्यता दिलेला हा मुलामुलींचा संयुक्त उपक्रम असून नावनोंदणी शाळेत होत नाही. ज्या स्थानिक चर्चमध्ये क्लब चालतो, तेथील संचालकांकडेच अर्ज द्यावा लागतो.

साधारणपणे 10 ते 15 वर्षे वयाच्या मुलामुलींना प्रवेश मिळतो. त्याहून लहान मुलांसाठी ॲडव्हेंचरर क्लब ही निराळी शाखा आहे. कुटुंब त्या चर्चचे सभासद असण्याची अट नाही, मात्र पाथफाइंडर प्रतिज्ञा आणि नियम पाळण्याची तयारी मुलाने स्वतः दाखवावी लागते. प्रतिज्ञेत देवाचा सेवक आणि माणसांचा मित्र होण्याचे वचन आहे, तर नियमांत सकाळच्या प्रार्थना-चिंतनाचा समावेश आहे. तंबू, गाठी आणि प्रथमोपचार यांच्या बरोबरीने बायबलचा अभ्यासही वर्षाच्या अभ्यासक्रमात असतो. म्हणून अन्य धर्मीय पालकांनी सही करण्यापूर्वी प्रतिज्ञा आणि नियम मुलासोबत बसून वाचावेत, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

अर्जासोबत पालकांचे लेखी संमतिपत्र आणि आरोग्यपत्रक द्यावे लागते; वयाच्या खात्रीसाठी जन्मदाखल्याची प्रत जवळ ठेवावी. गुजरातमधील शालेय नोंदींत आडनाव आधी लिहिण्याची पद्धत असल्यामुळे दाखल्यावरील आणि अर्जावरील नावाचा क्रम जुळवून घ्यावा. सर्वाधिक काळजी आरोग्यपत्रकाची घ्यावी. ॲलर्जी, दमा, फिट येणे, नियमित औषधे आणि त्यांची मात्रा, धनुर्वाताची शेवटची लस, तसेच तातडीच्या वेळी संपर्क करावयाच्या दोन व्यक्ती, यांपैकी काहीही संकोचाने लपवू नये, कारण मुक्कामी शिबिरात रात्री मूल आजारी पडले तर जवळच्या मोठ्या माणसाच्या हाती तेवढाच कागद असतो.

अर्ज स्वीकारल्यावर मुलाला सहा ते आठ जणांच्या तुकडीत घेतले जाते. प्रतिज्ञा आणि नियम आत्मसात झाल्यावर प्रवेशविधीत स्कार्फ मिळतो, आणि वयानुसार नेमलेला वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर सन्मानविधीत त्या वर्गाचे चिन्ह दिले जाते. नोंदणी दरवर्षी नव्याने करावी लागते. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत हे चर्च शब्बाथ, म्हणजे विश्रांती आणि उपासनेचा दिवस, पाळते, त्यामुळे त्या काळात खेळ किंवा कवायत नसते. शनिवारी शाळा किंवा शिकवणी असणाऱ्यांनी क्लबचे वेळापत्रक आधीच पाहून घ्यावे.

प्रतापनगर परिसरातील रेल्वे कर्मचाऱ्यांच्या घरांतून एक प्रश्न हमखास येतो: पाथफाइंडरचे चिन्ह रेल्वेच्या भरतीत चालेल का? रेल्वेच्या स्काउट-गाइड कोट्यातील भरतीसाठी राष्ट्रपती स्काउट किंवा गाइड (भारत स्काउट्स अँड गाइड्समधील सर्वोच्च पुरस्कार) यांसारखी पात्रता लागते, आणि पाथफाइंडरचे चिन्ह तिची जागा घेऊ शकत नाही. ज्यांचा तो हेतू असेल त्यांनी शाळेच्या पथकातील सभासदत्व सोडू नये.