प्राणायामाने ऑक्सिजन वाढत नाही, मग होतं काय?

२१ जून जवळ आला की पुण्यातल्या बागांच्या फाटकांवर योगवर्गांचे फलक लागतात आणि 'प्राणायामाने शरीराला भरपूर ऑक्सिजन मिळतो' हे वाक्य हमखास दिसतं. कोविडच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर कपाटात पडून असेल तर काढा. शांत बसून बोटाला लावा. निरोगी माणसाचा आकडा ९७-९८ येईल. आता दहा मिनिटं हवा तो प्राणायाम करा. फार तर ९९ होईल. हिमोग्लोबिन आधीच जवळपास भरलेलं असतं, आणखी ऑक्सिजन भरायला जागाच कुठे आहे? उलट जोरजोरात श्वास घेतला तर कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर निघून जातो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि डोकं गरगरतं. या गरगरण्याला 'ऊर्जा जागृत झाली' म्हणणारेही भेटतात.

वाईट याचं वाटतं की प्राणायामाच्या बाजूने सांगण्याजोगं खरं शास्त्र याहून कितीतरी रंजक आहे. आणि योगाला प्रयोगशाळेत न्यायची सुरुवात तर आपल्या शेजारीच झाली. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम ही योगसंशोधन संस्था स्थापन केली, त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढलं. उड्डियान आणि नौली या पोट आत ओढण्याच्या, फिरवण्याच्या क्रिया करताना पोटात काय घडतं, ते त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक वापरून तपासलं. श्रद्धा होतीच, पण मोजून बघायची तयारीही होती.

आता मुद्द्याकडे. मानेतल्या कॅरोटिड धमनीत आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीत ताण ओळखणारी चेताटोकं असतात. त्यांना बॅरोरिसेप्टर म्हणतात. रक्तदाब वाढला की धमनीची भिंत ताणली जाते आणि ही टोकं मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेला खबर देतात. तिथून दोन हुकूम सुटतात. व्हेगस चेतेवरून हृदयाला 'सावकाश' असा निरोप जातो. तो सेकंदाच्या आत पोहोचतो. दुसरा सिंपथेटिक चेतांमार्फत रक्तवाहिन्यांना, 'सैल व्हा' असा. हा मात्र रेंगाळतो, परिणाम दिसायला चार-पाच सेकंद लागतात. तोवर दाब पुरेसा उतरलेला असतो, म्हणजे दुरुस्ती जरा जास्तच होते. मग उलटा हुकूम निघतो, तोही तितकाच उशिरा लागू पडतो. या दिरंगाईमुळे आपला रक्तदाब साधारण दर दहा सेकंदांनी हलकासा वरखाली होत राहतो. या लाटांना मेयर लाटा म्हणतात. सिग्मुंड मेयर यांनी १८७६ मध्ये त्यांचं वर्णन केलं.

श्वासही रक्तदाब हलवतोच. श्वास आत घेताना छातीतला दाब घटतो, शिरांमधलं रक्त हृदयाकडे ओढलं जातं, ठोके जलद होतात, सोडताना मंदावतात. पण आपण एरवी मिनिटाला १२ ते १८ श्वास घेतो, म्हणजे एक श्वास साधारण तीन ते पाच सेकंदांचा. श्वासाची लाट एका चालीची, मेयर लाट दुसऱ्या. श्वास मिनिटाला ६ वर आणला, की एक श्वास बरोबर दहा सेकंदांचा होतो आणि दोन्ही लाटांची वारंवारता ०.१ हर्ट्झवर जुळते. झोका नेमक्या लयीत ढकलला की हलक्या हातानेही उंच जातो, तसंच इथे घडतं. शाळेत शिकलेला हाच तो अनुनाद. ठोक्यांचा चढउतार आणि श्वास एकाच कलेत येतात, म्हणजे सोबतच चढतात-उतरतात, रक्तदाबाचा चढउतार मात्र बरोबर विरुद्ध कलेत, १८० अंशांवर: ठोके चढताना दाब उतरतो. परिणामी श्वासामुळे होणारा ठोक्यांतला बदल आणि बॅरोरिसेप्टरांनी घडवलेला बदल एकमेकांत मिळतात, आणि ही सगळी यंत्रणा दर श्वासाला पुरेपूर वापरली जाते. हे वाक्य एकदा वाचून कळलं नाही तरी हरकत नाही, मलाही कागदावर तीन वक्र काढावे लागले.

२००१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये इटलीतल्या लुचानो बर्नार्दी यांच्या गटाचा निबंध आला. त्यांनी २३ निरोगी माणसांना लॅटिन जपमाळेची प्रार्थना म्हणायला लावली आणि 'ओम मणि पद्मे हुम्' हा मंत्रही. दोन्हींत श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि बॅरोरिसेप्टरांची संवेदनशीलता वाढली. मंत्र कुठल्या धर्माचा, याच्याशी धमनीला काही देणंघेणं नव्हतं. उच्च रक्तदाबात हीच संवेदनशीलता बोथट झालेली असते. २००५ मध्ये अशा २० रुग्णांवर केलेल्या प्रयोगात मिनिटाला ६ श्वासांनी ती सुधारली आणि वरचा दाब सुमारे १५० वरून १४१ वर आला. अर्थात, हा तात्पुरता परिणाम होता. रोजच्या सरावाने तो किती टिकतो यावरचे प्रयोग छोटे आहेत, त्यामुळे गोळ्या बंद करायचा सल्ला कोणी दिला तर तिथून उठावं.

आसनांचं शास्त्र इतकं देखणं नाही. अय्यंगार गुरुजींच्या पद्धतीची ख्याती पुण्यातून जगभर गेली, आणि त्या पद्धतीवर १९९८ मध्ये 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात मनगटाच्या कार्पल टनेल विकारासंबंधी अभ्यासही आला. आठ आठवड्यांत वेदना कमी झाल्या, पकड सुधारली. सर्वांत जास्त पुरावा जुनाट कंबरदुखीसाठी आहे. २०१७ साली अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने तिच्या उपचारांत योगाचा समावेश केला. मात्र २०११ मध्ये २२८ जणांवर केलेल्या चाचणीत योगवर्ग आणि साध्या स्ट्रेचिंगचे वर्ग सारखेच उपयोगी ठरले होते. हे दुसरं वाक्य योगवर्गाच्या फलकावर कधी येत नाही. शिवाय खोटी गोळी देता येते, तसा 'खोटा योग' देणं जवळपास अशक्य. त्यामुळे फायद्यातला किती भाग शिक्षकाच्या आपुलकीचा, हे वेगळं काढणं कठीण.

आणि हृदय थांबवणारे योगी? वेंगर, बागची आणि आनंद या संशोधकांनी असे दावे १९६१ सालच्या निबंधात तपासले. नाडी लागेनाशी होई हे खरं, पण ईसीजीवर ठोके चालूच होते. श्वास कोंडून छाती-पोटाचे स्नायू आवळले की हृदयाकडे परतणारं रक्त घटतं, एवढंच.

घरी करून पाहायचं असेल तर पाच सेकंद आत, पाच सेकंद बाहेर, कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, नाही. काचबिंदू असेल तर शीर्षासनाच्या वाटेला जाऊ नका, त्यात डोळ्यातला दाब दुपटीच्या आसपास जातो. आणि रक्तदाबाची जी नोंद डॉक्टरांना दाखवायची, ती या श्वासांच्या आधी घ्या. नंतर घेतलेल्या खालच्या आकड्यावर तुमच्या गोळीचा डोस ठरायला नको.