निळ्या उजेडात दिसणारा काळा डाग: तोंडाच्या कर्करोगाच्या प्रकाशतपासणीची पार्श्वभूमी

तोंडाचा कर्करोग पोटातल्या कर्करोगासारखा लपून बसत नाही. टॉर्च, तोंडात धरायचा आरसा आणि हातमोजे घातलेली दोन बोटे एवढ्यावर गाल, जीभ, जिभेखालची जागा, हिरड्या आणि टाळू पाच मिनिटांत तपासून होतात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंत संशोधन गटाने महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे अशीच तपासली होती. तो अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. केरळात १९९६ पासून तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन नुसत्या नजरेने तपासणी केली. २००५ मध्ये निकाल आला तेव्हा तंबाखू किंवा दारूचे व्यसन असलेल्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटलेले होते.

मग निळ्या उजेडाचे महागडे दिवे कशाला? पांढरा चट्टा डोळ्यांना दिसतो, पण दहा चट्ट्यांपैकी बिघडू लागलेला कोणता आणि त्या चट्ट्यातही तपासणीसाठी तुकडा नेमका कुठून काढायचा, हे डोळ्यांना कळत नाही. शंभर वर्षांची खटपट चालली आहे ती एवढ्यासाठी.

सुरुवात १९२४ मध्ये झाली. फ्रान्समध्ये आल्बेर पोलिकार यांना वुड दिवा या खास दिव्याच्या अतिनील प्रकाशात प्रयोगातल्या गाठी लालसर चमकताना दिसल्या. ती चमक पॉर्फिरिन या द्रव्याची होती. पुढे बरीच वर्षे हे निरीक्षण कुतूहलापुरते उरले. मध्यंतरी दंतवैद्यांनी गर्भाशयमुखाच्या तपासणीतल्या युक्त्या उचलल्या. १९६४ मध्ये टोल्युइडिन ब्लू हा रंग तोंडातल्या चट्ट्यांवर लावून पाहिला गेला. पुढे एक टक्का अ‍ॅसेटिक आम्लाने चूळ भरायची आणि निळसर-पांढऱ्या रासायनिक प्रकाशात तोंड पाहायचे, असे संच बाजारात आले. पांढरे चट्टे त्यात जास्त उठून दिसत, पण ते साध्या दिव्यातही दिसतच होते. लाल चट्टे जास्त धोकादायक, आणि त्यांच्या बाबतीत फारसे काही हाती लागले नाही.

खरे वळण १९८४ चे. न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट अल्फानो यांच्या गटाने लेझर टाकून दाखवले की निरोगी आणि कर्करोगी ऊती कोणताही रंग न लावता वेगवेगळ्या चमकतात. याच तत्त्वावर कॅनडाच्या व्हँकुव्हरमध्ये हातात धरायचे उपकरण तयार झाले आणि २००६ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. ४०० ते ४६० नॅनोमीटरचा निळा प्रकाश टाकायचा आणि फिल्टरमधून बघायचे. तोंडातली निरोगी त्वचा कच्च्या सफरचंदासारखी हिरवी दिसते. ही चमक पेशींमधल्या एफएडी या द्रव्याची आणि त्वचेखालच्या कोलॅजेन या तंतुमय प्रथिनाची असते. पेशी बिघडू लागल्या की त्वचेचा वरचा थर जाड होतो, खालचे कोलॅजेन तुटते, रक्तवाहिन्या वाढतात आणि रक्तातले हिमोग्लोबिन निळा प्रकाश गिळून टाकते. तिथे काळा डाग दिसतो.

तपासताना खोलीतले दिवे मंद करायचे, रुग्णाला चष्मा द्यायचा, चूळ भरून घेऊन लाळ टिपायची. आधी साध्या उजेडात सगळे तोंड पाहून नोंद करायची आणि मगच निळा दिवा लावायचा. हा क्रम उलटा केला तर डोळा फक्त काळे डाग शोधत बसतो. डाग सापडला तर आरशाच्या पाठीने हलके दाबायचे. रक्त बाजूला सरून हिरवा रंग परतला तर बहुधा सूज असते. टोचणारा दात घासून, तंबाखू थांबवून दोन आठवड्यांनी पुन्हा बघायचे. तरीही डाग कायम असेल तर बायप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणे. जिभेच्या मागच्या भागावर दिसणारी नारिंगी-लाल चमक जिवाणूंच्या पॉर्फिरिनची असते. तिला घाबरायचे कारण नाही.

पण काळे दिसायला कर्करोगच लागतो असे नाही. चावल्याची जखम, लायकेन प्लॅनस हा दाहाचा आजार, हिरडीवरचे काळे रंगद्रव्य हे सगळेच काळे दिसते. लंडनच्या २०११ च्या अभ्यासात या उपकरणाने बिघडलेल्या पेशींचे ८४ टक्के चट्टे पकडले, पण न बिघडलेल्यांपैकी फक्त १५ टक्के बरोबर वगळले. म्हणजे न बिघडलेल्या शंभरातल्या पंच्याऐंशींना विनाकारण धास्ती. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१७ मध्ये चट्टा पारखायला असे दिवे वापरण्याची शिफारस नाकारली. शस्त्रक्रियेत कुठपर्यंत कापायचे ती कड ठरवायला हा प्रकाश उपयोगी पडेल अशी आशा होती. कॅनडातल्या मोठ्या चाचणीत, २०२० मध्ये, रोग उलटण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही.

आपल्याकडे अडचण आणखी वेगळी. पाश्चात्त्य देशांत हा रोग जास्त करून जिभेवर आणि जिभेखाली होतो, इथे गाल आणि हिरडी यांमधल्या खाचेत, जिथे तंबाखूची गोळी दाबून ठेवलेली असते. गुटखा-खर्रा खाणाऱ्याचे तोंड सबम्युकस फायब्रोसिसने, म्हणजे त्वचेखालचा थर कडक होण्याच्या आजाराने, दोन बोटेही उघडत नाही, मग बाहेरून धरलेल्या दिव्याचा उजेड मागच्या दाढेपर्यंत पोचणार कसा? शिवाय फायब्रोसिसमध्ये कोलॅजेन वाढलेले असल्याने त्वचा उलट जास्त उजळ दिसते, आणि धोक्याची जागा त्या उजेडात बुडते. निरोगी बाजूशी तुलना करावी तर तीही तंबाखूत मुरलेली. खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रातल्या रामन वर्णपटाच्या (विखुरलेल्या लेझर प्रकाशावरून ऊतीतली रसायने ओळखण्याच्या) अभ्यासात तंबाखू खाणाऱ्यांच्या वरकरणी चांगल्या दिसणाऱ्या गालातही फरक आढळला आहे.

म्हणून भारतातले प्रयत्न वेगळ्या अंगाने गेले. इंदूरच्या प्रगत तंत्रज्ञान केंद्राने ३३७ नॅनोमीटरच्या नायट्रोजन लेझरवर काम केले. तिरुवनंतपुरमच्या संशोधकांनी चमकेऐवजी परत येणाऱ्या प्रकाशातले हिमोग्लोबिनचे ठसे मोजले, ५४० आणि ५७५ नॅनोमीटर या दोन तरंगलांबींच्या प्रकाशाचे एकमेकांशी प्रमाण काढून. त्यातून पुढे हातात धरायचा कॅमेरा आला. ॲरिझोना विद्यापीठाने भारतीय डॉक्टरांसोबत ४०५ नॅनोमीटरचे एलईडी मोबाइलला जोडले. अरुंद तोंडात शिरेल अशी बारीक नळी त्याला दिली, आणि चित्रे आधी संगणकाने चाळावीत अशी सोय केली. जिथे तोंडाचा तज्ज्ञ तासाभराच्या अंतरावर नाही, तिथे आरोग्यसेविकेने काढलेले चित्र त्याच्यापर्यंत पोचवणे हाच या मोबाइलचा मुख्य फायदा. चित्र धूसर असेल, लाळ चमकत असेल किंवा गाल नीट ताणलेला नसेल, तर संगणकही चुकतो. आणि तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघण्याला पर्याय यांपैकी एकाही उपकरणाने अजून दिलेला नाही. काढायचा तुकडा डागाच्या कोणत्या कडेचा, एवढे मात्र बरे कळू लागले आहे.