दोन वेढे कापले की ट्रिगर हलका?

'पिस्तुलाचा ट्रिगर जड आहे? हॅमरच्या स्प्रिंगचे दोन वेढे कापा, बाकी काही बिघडत नाही.' हा सल्ला जुनाच. ट्रिगर खरंच हलका होतो, म्हणून तो पटतोही.

पण डबल ॲक्शनमध्ये (ट्रिगर ओढला की हॅमर आधी मागे जातो, मग सुटतो) बोट जी स्प्रिंग दाबतं, तीच हॅमरला पुढे ढकलते. तिचा जोर गेला की प्रायमरवरचा, म्हणजे काडतुसाच्या बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीवरचा, घावही दुबळा. रिकाम्या पिस्तुलाचा खटका ऐकून हे कळत नाही. न उडालेल्या काडतुसाचं बूड उडालेल्याशेजारी धरा: खड्डा उथळ दिसला, तर पहिला संशय स्प्रिंगवर.

जडपणाचा काही भाग मात्र निव्वळ घर्षणाचा. तो जाणकार, परवानाधारक आर्मरर (शस्त्रं दुरुस्त करणारा कारागीर) एकमेकांवर घासणारे भाग पॉलिश करून घालवतो. स्प्रिंगला हात न लावता. नेमबाजी स्पर्धेतल्या २५ मीटर प्रकाराच्या पिस्तुलालाही ट्रिगर किमान १००० ग्रॅमचा लागतोच. ट्रिगरला वजन टांगून तपासतात.